नऊ नंबरचा सापळा

मासे साफ करणाऱ्या बाईनं नाकावर माशी बसू द्यायची नाही, म्हणजे कठीणच. एमलाइननं ते चाळीस वर्षं जमवलं. अलास्कातल्या सिटकाहून बोटीनं दीड दिवसावर आमचं बेट. बेटाच्या एका अंगाला गाव, दुसऱ्या अंगाला मासे डब्यात भरायचा कंपनीचा कारखाना. उन्हाळा लागला की गावच्या बायका तिथल्या लांब टेबलांपाशी उभ्या राहायच्या आणि साल्मनची पोटं साफ करायच्या. एमलाइन सोळाव्या वर्षी उभी राहिली. मुकादमानं पहिल्याच दिवशी हुकूम काढला, की टेबलावर आपली त्लिंगित भाषा बोलायची नाही, फक्त इंग्रजी.

तिला इंग्रजी येत होतं. मिशनच्या शाळेनं ते तिच्या घशात कोंबलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मुकादम स्वतः बायकांशी जे इंग्रजी बोलायचा, नेमकं तेवढंच ती बोलू लागली. सुरी हवी असली तरी शिवी, पाणी हवं असलं तरी शिवी. पाद्रीबुवांची बायको कारखाना बघायला आली, तिचं स्वागतही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी हुकूम मागे घेण्यात आला.

आमच्या लोकांच्या दोन बाजू, गरुडाची आणि डोमकावळ्याची, आणि लग्न नेहमी समोरच्या बाजूशी. ती गरुडाच्या बाजूची, ओहोटी घराची. आमच्यात माणूस आईच्या घरचं असतं, आणि घराचा कर्ता म्हणजे मामा. तिचे एझ्रा मामा ही गोष्ट घडली तेव्हा सत्तरीला आलेले, डोळ्यांनी अधू, पण जाळं विणताना एक गाठ चुकायची नाही. घरात मामांच्या पाठीमागं ही आणि हिचा धाकटा भाऊ सायलस. दोघांच्या वाटचं भांडण एमलाइन करायची, दोघांच्या वाटचं गप्प बसणं सायलस करायचा. तो हलिबट मासा धरायचे लाकडी गळ स्वतः कोरायचा आणि पाण्यात सोडण्याआधी गळाशी हळू आवाजात चार शब्द बोलायचा. माणसांशी तेवढेही बोलायचा नाही.

त्याचा जीव ज्यात गेला तो सापळा कंपनीचा. कंपनीनं आमच्या किनाऱ्याला असे बारा सापळे लावले होते. प्रत्येकावर आकड्याची पाटी. किनाऱ्यापासून खोल पाण्यापर्यंत तारेची लांब भिंत, तिच्या टोकाला तरंगत्या ओंडक्यांचा पिंजरा. साल्मन किनाऱ्याच्या कडेनं येतो, भिंत लागली की तिच्या कडेकडेनं पुढं जातो, एका दारातून दुसऱ्या दारात शिरतो. मागं वळायचं त्याला सुचतच नाही. सापळ्याचं सारं शहाणपण एवढंच. नऊ नंबरचा सापळा लावला होता तो थेट ओहोटी घराच्या टेकापुढं, जिथं त्या घरची माणसं पिढ्यानपिढ्या मासे धरत आली.

एकोणीसशे तेहतीसच्या ऑगस्टमध्ये तीन दिवस दाट धुकं होतं. सायलस हलिबट घेऊन परतत होता. सापळ्यावर अंधार पडण्याआधी दिवा लागलाच पाहिजे, असा सरकारी नियम. त्या संध्याकाळी दिवा नव्हता. होडी तारेवर आदळून उलटली. दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यातून साल्मन उपसताना राखणदाराला सायलस सापडला.

आठवड्यानं मामांच्या नावे कंपनीचं पत्र आलं. एमलाइननं वाचून दाखवलं. कंपनीच्या सापळ्यातून मासे चोरायला आलेला एक इसम बुडाला. त्याची होडी, तिच्यात बांधलेले तीन हलिबट आणि लाकडी गळ राखणदारानं ताब्यात घेतले आहेत. नाव कुठंच नव्हतं. ज्यांनी आमच्या पाण्यात तारा ओढल्या ते मालक, आणि त्या तारांत अडकून मेला तो चोर. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

सायलसला पुरलं ते आम्ही, डोमकावळ्याच्या बाजूच्या लोकांनी. दुःख असलेल्या घरानं आपल्या माणसाच्या पेटीला हात लावायचा नसतो. ते काम समोरच्या बाजूचं. तेवढं झालं. पण माणसाचं नाव पुरत नाहीत. वर्षभरानं जेवण घालायचं, समोरच्या बाजूला बोलवायचं, आणि ते नाव त्याच घरच्या दुसऱ्या माणसाला द्यायचं, म्हणजे ते पुन्हा उठून चालू लागतं. सायलसचं घरचं त्लिंगित नाव त्याच्या आधी सहा जणांनी लावलेलं. आता त्याच्यावर चोर हा शब्द चिकटला होता. चोराचं नाव कोण घेणार? ते आडवंच पडून राहणार, आणि सहा जणांचं मागचंही त्याच्याबरोबर. एमलाइनला झोप लागेना ती या एका गोष्टीमुळं.

ती कारखान्याच्या सुपरिंटेंडेंटकडे गेली. बार्टलेट त्याचं नाव. बावीस वर्षं समुद्राकाठी काढून ज्याचे बूट कधी ओले झाले नाहीत, असा माणूस.

"जो बुडाला तो माझा भाऊ," ती म्हणाली. "त्याला नाव होतं. सायलस."

"वाईट झालं, बाई. पण सापळ्याजवळ येऊ नका म्हणून आम्ही पाट्या लावतो."

"पाटी दिसायला दिवा लागतो. दिवा नव्हता."

"कोण म्हणतं?"

"सगळं गाव म्हणतं."

"गाव धुक्यात होतं."

"साहेब, आमच्याकडे या. बसा. सापळा आमचा, माणूस त्यात गेला, त्याचा दोष नव्हता, एवढं चारचौघांत म्हणा. मला दुसरं काही नको."

बार्टलेट कागदांकडे वळला. "चोराच्या घरी कंपनी जात नाही," तो म्हणाला.

ती टेबलापाशी परतली. त्या दिवशी तिच्या हाताखालचे मासे रोजच्या दुप्पट वेगानं साफ झाले, असं शेजारच्या बायका सांगतात.

हिवाळाभर ती गप्प होती, आणि एमलाइन गप्प म्हणजे घरात सगळ्यांनाच धाकधूक. नवरा जोनास लाकडं फोडायच्या निमित्तानं बाहेरच असायचा. मग एक दिवस ती मामांपुढं जाऊन बसली.

"मामा, टेकाखालचा खडक आपला कसा झाला?"

"तुला माहीत आहे की."

"तरी सांगा."

"माझ्या पणजीची होडी त्यानं फोडली. पणजी गेली. त्यानं आपलं माणूस घेतलं, म्हणून आपण त्याला घेतलं. तेव्हापासून तो आपल्या शालीवर आहे, घराची खूण म्हणून."

"मग सापळ्यानंही आपलं माणूस घेतलंय."

मामांची सुई थांबली. 

"खडकाला मालक नव्हता, पोरी. सापळ्याला आहे. मालकानं चारचौघांत म्हटलं पाहिजे, वस्तू माझी, माणूस हिच्यात गेलं, आणि ते चोरीला आलं नव्हतं. समोरच्या बाजूनं ते कानांनी ऐकलं पाहिजे. त्याशिवाय शालीवर नुसतं शिवणकाम उरतं."

"ऐकतील."

"तो बार्टलेट? कोरड्या बुटांचा? तो काय कबूल करणार?"

"त्याला कबूल करायला कोण बोलावतंय, मामा? त्याला भांडायला बोलवायचं."

मामा हसले. सायलस गेल्यापासून पहिल्यांदाच हसले.

शाल शिवायची ती समोरच्या बाजूनंच, म्हणजे आमच्यातल्या कुणीतरी. एमलाइननं नणंदेला सांगितलं. बर्था अंगानं दणकट, जिभेनं त्याहून दणकट. निळं लोकरी कापड, लाल काठ आणि शिंपल्याच्या बटणांची पिशवी घेऊन ती बसली, आणि एमलाइननं पिठाच्या पोत्यावर कोळशानं काढलेलं चित्र बघून तिनं कपाळाला हात लावला.

"वहिनी, मी अस्वल शिवलं, देवमासा शिवला, बीव्हर शिवला. सुतारकाम शिवायची वेळ आजच आली."

"मध्ये चेहरा काढ. भोवती ओंडके, आणि ही भिंत."

"आणि हा आकडा? हा पण?"

"तो आधी. लांबून दिसला पाहिजे."

"शाल उलटी पांघरलीस तर सहा दिसेल हं. मग सहा नंबरचे भांडायला येतील."

"येऊ देत. मी घरीच आहे."

"भांडण म्हटलं की तुझ्या तोंडावर कशी लाली चढते बघ! माझ्या भावानं काय काय सोसलं असेल."

"तुझा भाऊ माझ्या हातचं खाऊन दाराच्या मापाचा झालाय. सोसणाऱ्याची अशी तब्येत असते का?"

बर्था हसत होती, पण मधल्या चेहऱ्याची बटणं लावताना तिनं दोनदा उसवून पुन्हा लावली. सायलस तिच्याही दारात कितीतरी वेळा हलिबट ठेवून न बोलता निघून गेला होता.

सप्टेंबरात, हंगाम संपून बार्टलेटला घेऊन जाणारं जहाज सुटायच्या आठवडाभर आधी, एमलाइन धक्क्यावर गेली. तो पेट्या मोजून घेत होता.

"शनिवारी दुपारी दोनला गावच्या हॉलमध्ये सायलसच्या नावाचं जेवण आहे. तुम्हाला आमंत्रण."

"मी मागंच सांगितलंय."

"ठीक आहे. मग आम्ही आपसांतच जाहीर करू."

"काय जाहीर करणार?"

"नऊ नंबरचा सापळा ओहोटी घराचा झाला म्हणून."

बार्टलेटच्या हातातली पेन्सिल खाली पडली. "तो कंपनीचा आहे! एकेक ओंडका कंपनीचा आहे!"

"दोनला या. आमच्यात उशिरा येणाऱ्याला लोक हसतात."

शनिवारी हॉल भरला. एका बाजूला यजमान, ओहोटी घर आणि गरुडाचे बाकीचे, समोर आम्ही. आधी रडायची गाणी झाली. ती त्या घराची आहेत, म्हणून त्यांचे शब्द इथं येणार नाहीत. मग आमच्या बाजूच्या म्हाताऱ्यांनी उठून दिलाशाचे शब्द सांगितले आणि रडणं संपलं. रडणं संपलं की आमच्यात हसायला मुभा असते. नेमक्या त्याच वेळी दार उघडून बार्टलेट आत आला, काखेत नकाशाची गुंडाळी, पायांत कोरडे बूट.

तो बोलायला तोंड उघडणार, तोच बर्थानं त्याच्या कोपराला धरून आमच्या बाकावर आणून बसवलं. "इकडे, साहेब. पाहुणे या बाजूला. आधी खायचं, मग बोलायचं. आमच्याकडे उपाशी माणसाचं कुणी ऐकत नाही."

तिनं त्याच्यापुढं मोठा वाडगा ठेवला. फांदीवरून काढलेली हेरिंग माशाची अंडी, सीलच्या तेलात बुडवलेला वाळका साल्मन, आणि वर हलिबटचा जाड तुकडा.

"घ्या. हा हलिबट तुमच्याच सापळ्यातला हं. चोरून आणलाय."

सगळा हॉल हसला. बार्टलेटला माणसांतलं काही कळत नसलं तरी माशांतलं कळायचं, आणि त्याचा त्याला फार गर्व. तो घास गिळून म्हणाला, "हलिबट? सापळ्यात? बाई, हलिबट तळाशी राहतो. बावीस वर्षांत मी सापळ्यात एकही हलिबट पाहिला नाही. शेंबड्या पोरालाही हे कळतं!"

एमलाइन उठून उभी राहिली होती. तिनं त्याचं वाक्य त्लिंगितमध्ये सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. हॉलमध्ये इंग्रजी कळणारे चाळीस तरी होते, आणि आमच्या बाजूचे लोक दुसऱ्याची चूक धरायला टपलेलेच असतात. मग तिनं झग्याच्या खिशातून घडी घातलेलं पत्र काढलं.

"साहेब, हे तुमचं पत्र. सायलसच्या होडीत काय सापडलं होतं?"

बार्टलेट चावायचा थांबला.

"मी वाचून दाखवू?"

"तीन हलिबट," तो म्हणाला.

"साल्मन किती?"

"साल्मनचं लिहिलेलं नाही."

तिनं तेही सांगितलं. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. बाकावरचे म्हातारे एकमेकांकडे बघून मान हलवत होते. बार्टलेटचे कान लाल झाले. वाडगा बाजूला सारून तो उठला आणि त्यानं नकाशा उलगडला.

"ते काही असो! मी सापळ्याबद्दल बोलायला आलोय. नऊ नंबर कंपनीचा आहे. ओंडके, तार, खिळे, सगळं कंपनीचं."

"दिवासुद्धा?"

"दिवासुद्धा!"

"त्या संध्याकाळी तो लागला होता?"

बार्टलेट नकाशात बघू लागला.  एझ्रा मामा बसल्या जागेवरून आमच्या बाजूला तोंड करून म्हणाले, "तो गप्प बसला, हेही ऐकून ठेवा."

"माझा भाऊ कुठं गेला, साहेब?" एमलाइननं विचारलं.

"नऊ नंबरमध्ये."

"कुणाच्या?"

"कंपनीच्या! किती वेळा सांगू? आमच्या! आमच्या सापळ्यात!"

एमलाइन ते त्लिंगितमध्ये सांगू लागली आणि शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फुटला. ती थांबली, तोंड पुसलं, आणि शब्द पुन्हा, नीट म्हणाली. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. "गुनाल्चीश! गुनाल्चीश!" हॉलचं छप्पर हाललं असेल. आमच्या भाषेत हे आभार मानणं. आभार कशाचे ते बार्टलेटला कळलं नाही. आपलं म्हणणं लोकांना पटलं असं वाटून त्यानं जरा मानही लववली.

मग शाल बाहेर आली. मामांनी ती एमलाइनच्या खांद्यांवर घातली. ती पाठमोरी वळली तेव्हा खिडकीतल्या उजेडात बटणं चमकली: ओंडके, तारेची भिंत, मध्ये सायलस, आणि वर तो आकडा. एमलाइनच्या मावशीचा मुलगा रूबेन, तीस वर्षांचा, पुढं येऊन उभा राहिला. मामांनी नाव पुकारलं. ते नाव चार वेळा पुकारतात आणि चारही वेळा समोरच्या बाजूनं ते परत म्हणायचं असतं.

बर्थानं कोपर मारलं. "म्हणा, साहेब."

"पण मी कशाला?"

"आमच्या बाकावर बसलात, वाडगा अर्धा केलात. आता लाजू नका. म्हणा."

तो म्हणाला. वाईट म्हणाला, घशातला आवाज त्याला जमला नाही, पण चारही वेळा म्हणाला. ज्या तोंडानं चोर म्हटलं होतं, त्या तोंडून ते नाव दोनशे लोकांनी ऐकलं. ते इथं लिहिलेलं नाही, कारण ते ओहोटी घराचं आहे आणि लिहिणारा डोमकावळ्याच्या बाजूचा. एमलाइन शालीचे काठ मुठीत घट्ट धरून रडत होती, आणि त्या दिवशी तिला ते लपवायचं नव्हतं.

जाताना बार्टलेटला लाल ब्लँकेट आणि संत्र्यांनी भरलेलं इनॅमलचं घमेलं मिळालं. ऐकणाऱ्याला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. नाही म्हणणं त्याला जमलं नाही. एका काखेत नकाशा, दुसऱ्या काखेत ब्लँकेट, पोटाशी घमेलं, असा तो चिखलातून धक्क्याकडे निघाला. बर्था दारात उभी राहून बघत होती.

"बघ वहिनी," ती म्हणाली, "भिंतीच्या कडेकडेनं आला, आणि मागं वळायचं सुचलंच नाही."

हिवाळ्यात कंपनीच्या मोठ्या कचेरीचं पत्र आलं. नऊ नंबरच्या सापळ्यावर गावाचा कोणताही हक्क मान्य होऊ शकत नाही, वगैरे. मामांनी ते पूर्ण वाचून घेतलं. "हे कुणाला लिहिलंय?" त्यांनी विचारलं. "आपण विचारलं होतं का?" मग त्यांनी त्या कागदात वाळका साल्मन गुंडाळून ठेवला.

सापळा पुढंही चालू राहिला, कंपनीनं साल्मन उपसले, ते काही थांबलं नाही. कंपनीच्या दप्तरात सायलस अजून चोर असेल. पण त्या वर्षापासून सापळ्यावरचा दिवा एकदाही विझला नाही. आणि दर जेवणाला एमलाइन ती शाल घालून हॉलमध्ये उभी राहायची, नऊ आकडा पाठीवर घेऊन, आणि अस्वलाची, देवमाशाची शाल घातलेल्यांच्या मध्ये तिची मान तसूभरही खाली नसायची. कुणी नवखा हसला तर बर्था त्याला पुरी गोष्ट ऐकवायची, म्हणजे तो पुन्हा हसायचा नाही.

एकोणीसशे एकोणसाठमध्ये अलास्का अमेरिकेचं राज्य झालं आणि सापळ्यांवर कायमची बंदी आली. किनाराभर लोकांनी सापळे फोडायला कुऱ्हाडी काढल्या. पुढच्या वसंतात कंपनीचा एक तरुण माणूस उरलेलं लाकूड गोळा करायला ओढबोट घेऊन आला. एमलाइन तेव्हा पासष्टची. ती धुरीघरात मासे टांगत होती.

"आजी, टेकाखाली नऊ नंबरचे ओंडके पडलेत. ते न्यायचेत. गावात म्हणाले, आधी तुम्हाला विचारावं लागतं."

"मग विचार."

त्यानं टोपी काढली. "नेऊ का?"

"नाही."

कारण सांगेल म्हणून तो वाट बघत उभा राहिला. तिनं पुढचा मासा टांगला.

"माझ्याकडे कंपनीचा कागद आहे, आजी."

"असेल. जपून ठेव."

तो गेला. ओंडके तिथंच राहिले. आता एमलाइन नाही, बर्था नाही, आणि ओंडक्यांवर हातभर शेवाळ चढलंय. एका कडक हिवाळ्यात, चार दिवस बर्फ थांबेना आणि घरातली लाकडं संपली तेव्हा, आमच्या बाजूचा एक म्हातारा कुऱ्हाड घेऊन टेकाखाली उतरला होता. कुऱ्हाड उचलल्यावर त्याला आठवलं, की त्या शनिवारी तो हॉलमध्ये होता, ऐकणाऱ्यांत. तो तसाच घरी परतला आणि त्यानं स्वतःची खुर्ची फोडून जाळली.